खेळायला आलेली आई

आमच्या अमडापुरात ‘खेळ’ म्हटलं की मोठ्या माणसांना आधी नाटकच आठवायचं. ‘उद्या खेळ आहे’ म्हणजे बाजाराच्या मैदानात कनात लागणार आणि माझे वडील लुगडं नेसणार. वडील शिंपी होते. दिवसभर मशीनवर बंड्या नि पायजमे शिवायचे, आणि गावच्या नाटकमंडळीत बायकांची कामं करायचे. गावातली कुठली बाई तेव्हा स्टेजवर उभी राहणार? त्यामुळे राणी तेच, सून तेच, सासूही तेच. अशी अठरा वर्षं त्यांनी काढली. मी लहान असताना ते भिंतीवरच्या आरशासमोर पदर सावरायची तालीम करायचे आणि आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मॅट्रिक झाले होते. बालवाडीचं तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन परत आले आणि गावच्या नव्या बालवाडीची बाई झाले. लहान मूल खेळातूनच शिकतं, असं आम्हाला तिथं शिकवलं होतं. बोटांची पकड, बोलणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळं खेळातून येतं. मी ते वहीत सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं.

बालवाडी भरायची ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत. पहिल्या दिवशी सतरा मुलं आली आणि सतराही जणं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली. घरून दम देऊनच पाठवलं होतं त्यांना. मी तरटावर लाकडी ठोकळे मांडले, चिंध्यांच्या बाहुल्या मांडल्या आणि म्हटलं, “खेळा.” कुणी हललं नाही. “खेळा बरं!” मी जरा मोठ्यानं म्हटलं. पाच वर्षांची एक मुलगी रडायलाच लागली.

आठवडाभर हेच चाललं. शेवटी मी घरी वडिलांपाशी तोंड वाकडं केलं.

“पोट्टे खेळतच नाहीत, बाबा.”

“अन् तू काय करून राह्यतं तवा?”

“खुर्चीवर बसून राह्यते. पाह्यते.”

“मंग झालं!” वडिलांनी मशीन थांबवलं. “त्याइले वाटते, परीक्षाच होऊन राह्यली. बाई, स्टेजवर मी समोरच्या लोकाइकडं पाह्यलं का माहं काम बिघडलंच समज. अन् हे तं लेकरं. उद्या मी येतो.”

ते खरंच आले. कुणाकडे न बघता सरळ तरटावर मांडी घालून बसले. चिमटीत नसलेली सुई धरली, नसलेला दोरा ओठांनी ओला केला, एक डोळा मिटून ओवू लागले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ओवला. मग मांडीवरच्या नसलेल्या कापडाला टाके घालायला लागले. सतरा जोडी डोळे त्यांच्या हाताबरोबर वर-खाली होत होते. पहिल्या दिवशी रडलेल्या त्याच मुलीनं ओठांवरचं बोट काढलं.

“आबा, गाठ नाही मारली. दोरा निंगून जाईन.”

“हाव वं, इसरलोच!” वडिलांनी गाठ मारली. “तुह्या बाहुलीचं झंपर हाय हे. जाय, माप घ्याले आण तिले.”

ती धावत जाऊन बाहुली घेऊन आली. तिच्यामागे दुसरी आली, मग पायजमा शिवून घ्यायला दोघं-तिघं आले. अर्ध्या तासात खोलीत इतका गलका झाला की ग्रामपंचायतीचे शिपाई डोकावून गेले. मी खुर्ची उचलून बाहेर ओट्यावर ठेवली आणि मुलांत जाऊन बसले. वडीलही मग फुरसत मिळाली की यायला लागले.

महिन्याभरात मुलांनी एस.टी. काढली. आमच्या खोलीसमोरच गाड्या थांबायच्या, त्यामुळे त्यांना काही शिकवायची गरज नव्हती. ठोकळ्यांची सीट, कडुनिंबाच्या पानांची तिकिटं, पत्र्याच्या डब्याची घंटी. आणि कंडक्टर तीच मुलगी. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. ती प्रवासी मोजायची, भांडायची, उतरवून द्यायची आणि परत हात धरून चढवायची. माझ्या वहीतलं सगळं मला तिथं दिसायला लागलं.

एके दिवशी दुपारी तिची आई दारात येऊन उभी राहिली. मळ्यातली भाजी टोपल्यात घेऊन ती गावात विकायची. शेजारणीकडून तिला कळलं होतं की बालवाडीत नुसता धिंगाणा चालतो.

“बाई, मी पोरगी अक्षर शिकाले धाडली,” ती म्हणाली. “खेळाले काय घरी जागा नाही? नेते मी तिले.”

मी वहीतलं एकेक सांगू लागले. बोटांची पकड, बोलणं... तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तेवढ्यात गाडीतून आवाज आला.

“ओ बाई! दारात उभ्या राहू नका, अंदर सरका! कुठी जाचं?”

“घरी जाचं. चाल,” आई म्हणाली.

“ही गाडी घरी जात नाही. चिखलीले जाते.”

वडील त्या दिवशी ड्रायव्हर होते. हातात ताट धरून, मागे वळूनही न बघता ते म्हणाले, “टोपलं टपावर ठेवा, बाई. गाडी लेट होऊन राह्यली.”

वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! तिनं टोपलं खाली ठेवलं आणि तरटाच्या अगदी कडेला टेकली. “चिखली,” ती हळूच म्हणाली. मुलीनं तिला पान फाडून दिलं, डबा दोनदा वाजला आणि गाडी निघाली. खड्डा आला तशी सगळी मुलं उडाली. दुसऱ्या खड्ड्याला आईही उडाली. तिसऱ्याला तर तिनं शेजारच्या पोराला घट्ट धरलं.

“चिखली आली! उतरा, बाई!”

ती उठली नाही. “फिरवा गाडी,” ती म्हणाली. “खामगावपर्यंत जाऊ द्या.”

खामगावला उतरली तेव्हा ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. टोपलं उचलता उचलता मला म्हणाली, “मी सा वर्साची होती तं भाऊ माह्या कडेवर आला. मंग दुसरा. मले कोणी खेळूच नाही देल्लं, बाई.” मुलीला न्यायचं तिनं पुन्हा काढलं नाही. उलट टोपलं लवकर रिकामं झालं की तीच यायला लागली.

सव्वीस जानेवारीला मुलांची एस.टी. नाटकमंडळीच्या स्टेजवर करायचं ठरलं. मागे राजवाड्याचा पडदा, पुढे आमची गाडी. ऐनवेळी टोपलेवाल्या प्रवाशिणीचं काम करणारी मुलगी तापानं फणफणली. वडील म्हणाले, “मी नेसतो लुगडं.” बायकांची कामं सोडल्यापासून त्यांनी चांगल्या झुपकेदार मिशा राखल्या होत्या, पण ते खरंच नेसायला निघाले.

समोर बसलेली कंडक्टर मुलीची आई उठली. “तुमी काऊन? मी हाय ना!”

डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, अशी ती स्टेजवर चढली. सगळं मैदान माना उंचावून बघायला लागलं. कंडक्टर मात्र कडाडली, “लवकर चढा, बाई! गाडी काय तुमच्यासाठी थांबीन?”

आईनं टोपलं उतरवलं, कमरेवर हात ठेवला आणि समोरच्या साऱ्या गावाकडे बघत विचारलं, “एवढे बसेल हाय, बाईमाणसाले जागा कोण देते?” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या रांगेतले सरपंच हसत हसत खरंच उठून उभे राहिले, तेव्हा बायकांच्या बाजूनं जो हशा उठला तो बराच वेळ थांबेना.

वडील पडद्यामागे माझ्याशेजारी उभे होते. “अठरा वर्सं मी बाई झालो,” ते म्हणाले, “पण टोपलं असं उतरवाले मले नाही जमलं.” हे बोलताना त्यांचा चेहरा नुसता फुलून आला होता.

पुढच्या जत्रेच्या नाटकात सासूच्या कामासाठी त्यांनी मंडळींना तिचं नाव सुचवलं. तिनं तीन दिवस मागून घेतले, नवऱ्याला विचारलं, सासूला विचारलं. सासूनं एकच अट घातली, की सासू फार वाईट दाखवायची नाही. त्या नाटकाचं झंपर वडिलांनीच शिवलं. माप द्यायला ती मुलीला सोबत घेऊन आली, आणि तालमीत कुठे चुकतं ते वडिलांना विचारत दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिली.