मोटर चाचांनी जाळली नव्हती

करीमचाचा आज सकाळी गेले.

आणि माझ्या गिरणीची मोटर त्यांनी जाळली नव्हती. मी जाळली.

अंबरपेठच्या आमच्या गल्लीत मी सगळ्यांना उलटंच भासवलंय. म्हणून ही पोस्ट.

माझा स्वभाव संशयी. नवरा म्हणतो, तोंड न पोळताच तू ताक फुंकून पितेस.

चाचा आमचे इलेक्ट्रिशियन. मिरची कांडपाची गिरणी त्यांनीच बसवून दिली. तेव्हाही मी विचारलंच, "घराला एक फेज पुरतो, मग हिला तीन कशाला? फायदा कुणाचा?"

"ओखली में तीन औरतां मूसल मारते देखे ना, ताई? एक का उठा, एक का आधे में, एक का गिरा. मार रुकताच नहीं. एकच औरत रही तो बीच में टाइम खाली जाता. और बारी बारी से मारे तोच मोटर कू समझता, किधर घूमना."

पटलं. पण पलीकडच्या गल्लीत चाचांच्या मेहुण्याची गिरणी आहे, हेही मी मनात ठेवलं.

मग तो उन्हाळा. वर्षाच्या तिखटाचा सीझन, दारात बायकांची रांग. लाइट गेली, आली. मी मोटर चालू करणार तोच चाचा आत आले, टेस्टर लावला आणि फ्यूज काढून खिशात टाकला.

"नक्को चलाओ ताई. एक फेज गया."

वर बल्ब चालू. पंखा चालू.

"करंट तर आहे की."

"बत्ती दूसरे फेज पे है. मोटर खाली गूँ गूँ करती, फिर जलती."

तेवढ्यात रांगेतल्या दोघी डबे उचलून निघाल्या. कुठे? मेहुण्याकडे.

झालं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "त्याची चालावी म्हणून माझी बंद पाडता होय?"

चाचांनी खिशात हात घातला. फ्यूज माझ्या हातावर ठेवला आणि गेले.

मी लावला. मोटर नुसती घुमली, फिरेना. मी हट्टाने बटण दाबूनच धरलं. जळका वास आला तेव्हा उशीर झाला होता.

बायकांनी विचारलं, काय झालं?

"चाचांनी हात लावला होता."

एवढंच म्हटलं. खोटं काहीच नाही त्यात. पुढचं गल्लीने स्वतः जोडलं. हळूहळू चाचांना कुणी कामाला बोलवेना.

कोठी बाजारातल्या, जळक्या मोटरी भरून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याने मोटर उघडून दाखवली. दोन फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर, तिसऱ्याची कोरी. "एक फेज नहीं था, फिर बी चलाए क्या?"

तेव्हापासून मला माहीत आहे. तीन वर्षं गप्प बसले.

चाचा रस्त्याने जाताना पूर्वीसारखंच म्हणायचे, "जय भीम, ताई." पूर्वी मी सलाम म्हणायचे. नंतर त्यातही टोमणा शोधायचे आणि मिरचीच्या पोत्यात डोकं घालायचे.

मनाची टोचणी जावी म्हणून हे लिहितेय का, असाही संशय येतोय. असेल तसंही.

त्यांचा मुलगा हेच काम करतो. त्याला निःशंक बोलवा.

चाचा, तुमच्या जय भीमला उत्तर द्यायचं राहिलं.

सलाम.