विहीर किती लांब

माझ्या बोलण्याला गाव नाही, असं बाबा म्हणतात. ते महाडला हायस्कुलात शिक्षक. मला त्यांनी लहानपणीच मुंबईला मामाकडे ठेवलं आणि मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी, मामाच्या चाळीत हिंदी मिसळलेली मराठी, आणि सुट्टीत महाडला आलं की बाबांची शुद्ध, सावध मराठी. या सगळ्याचं मिळून जे काही तयार झालं, त्यावरून मी कुठली हे कुणाला सांगता येत नाही. आडनावही गावाच्या नावावरून पडलेलं, त्यातूनही फारसं हाती लागत नाही. मला ते सोयीचं वाटायचं.

कॉलेज संपवून मी महाडला परत आले, तेव्हा पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादकबाईंचं पत्र आलं. मुंबईतल्या एका प्रदर्शनात त्यांनी माझी चित्रं पाहिली होती. चित्राखालच्या चिठ्ठीवर नाव, वय आणि मूळ गाव लिहायचं होतं, ते मी लिहिलं होतं. मुलांच्या पुस्तकांची एक मालिका त्या काढत होत्या. प्रत्येक भागाचं पुस्तक त्याच भागातल्या माणसांनी लिहायचं आणि त्यांनीच त्यातली चित्रं काढायची. ‘गोष्ट लिहिणारे गुरुजी तुमच्याच मूळ गावचे आहेत, म्हणून तुम्हाला विचारते,’ असं त्यांनी लिहिलं होतं. चित्रं पसंत पडली तर काम माझं.

मला ते काम हवं होतं. एखाद्या पुस्तकावर आपलं नाव असावं याहून दुसरं काही मला त्या वर्षी हवं नव्हतं. पण ‘मूळ गाव’ हे दोन शब्द वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. मूळ गाव कुठलं, या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा असतो हे मला शाळेपासून माहीत आहे. पहिला विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दुसराच विचारायचा असतो.

“जा की,” बाबा म्हणाले. “चित्रं काढ. विचारतील तेवढंच सांग.”

गाव पोलादपूरजवळच्या कापड्याच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही. वर गाव, मध्ये भाताची खाचरं आणि खाली ओढ्याच्या अंगाला आमची बौद्धांची वाडी. वाडीत माझी आत्या राहते. गुरुजींचं घर वरच्या गावात. गोष्ट साधी होती. एक लहान मुलगी पहिल्यांदाच एकटी विहिरीवर पाणी आणायला जाते आणि अर्धी कळशी सांडून परत येते.

मी आत्याच्या अंगणात वही घेऊन बसले. बांधावरून एक म्हातारा गडी येत होता, तो थबकला.

“सर्वेवाली काय गो ही?” त्याने आत्याला विचारलं. “परत रस्ता काढतायत?”

“माझी भाची हाय. महाडची.”

“मग लिवतेय काय?”

“लिवत नाय, चित्र काढतेय. विहिरीचं.”

“विहिरीचं?” तो माझ्याकडे बघत राहिला. “आनि कुनी सांगितलंय?”

“पुण्याच्या बाईनं.”

“पुण्याला विहिरी नायत?” असं म्हणून तो गेला. वळणावर पोचेपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

मी वर बघितलं. विहिरीचा कठडा आणि त्यावर वाकलेलं उंबराचं झाड अंगणातून स्वच्छ दिसत होतं. आत्या मात्र ओढ्याकाठच्या झऱ्यावरून पाणी आणत होती. वाटीने कळशी भरायला तिला किती वेळ लागतो ते मी पाहत होते.

“आत्या, विहिरीवर का नाही जात?”

“जातो की. झरा आटला की जातो. कुनी काय बोलत नाय आता.”

“मग रोज का नाही?”

“रोज कशाला गो? लांब हाय.”

लांब नव्हती. तव्यावर भाकरी टाकून कुणी विहिरीपर्यंत जाऊन आलं असतं, तर भाकरी करपली नसती. पण चित्र काढायला घेतलं तेव्हा हात तिच्या शब्दाप्रमाणे चालला. खाचरांमागे खाचरं येत गेली, बांध बारीक होत गेले आणि विहीर पार वर, उंबरासकट, नखाएवढी झाली. ती छोटी मुलगी वाटेवर, पाठमोरी. चित्र पुरं झाल्यावर मला ते बरोबर वाटलं. का ते मी स्वतःला विचारलं नाही.

संपादकबाई वरच्या गावात गुरुजींना भेटून परतीच्या वाटेवर आमच्याकडे आल्या. चवदार तळ्याच्या मागच्या आळीत आमच्या दोन खोल्या आहेत. मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवसाला लोक तळ्यावर येतात, तेव्हा त्यात वीस माणसं झोपतात, एरवी आई, बाबा आणि मी. बाई खादीची साडी नेसलेल्या, हसऱ्या होत्या. चहा घेताना त्यांची नजर भिंतींवरून फिरली. निळ्या कोटातला तो फोटो त्यांना दिसला असणार. की त्या फक्त भिंतीची ओल बघत होत्या? गुरुजींनी त्यांना काय सांगितलं असेल? आमचं घर कोणतं, हे गुरुजींना माहीत नसणं शक्य नव्हतं.

त्या चित्रं उलटत गेल्या. कळशीचं आवडलं, मुलीचे पाय आवडले. विहिरीच्या चित्रापाशी थांबल्या.

“ही विहीर मी काल बघितली,” त्या म्हणाल्या. “गुरुजींच्या घरासमोरच आहे की. तुम्ही एवढी लांब का दाखवलीत?”

मी चित्राचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

“तुमचं शिक्षण मुंबईला झालं ना?”

“हो.”

“तेच म्हटलं. सुट्टीपुरतं गाव बघितलं की असं होतं. रागावू नका हं. पण या मालिकेचा मुद्दाच तो आहे. चित्र काढणाऱ्याला विहीर कुठे आहे हे डोळे मिटून माहीत पाहिजे. नाहीतर मी पुण्यातला कुणीही चित्रकार घेतला असता.”

बाबांनी कप खाली ठेवला. ते माझ्याकडे बघत नव्हते. विचारतील तेवढंच, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि बाईंनी विचारलं तर होतंच. विहीर जवळ आणून दुसरं चित्र काढून देते, एवढं म्हटलं असतं की काम माझं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, तेही छान मराठीत.

“आमच्या आत्याच्या घरातून ती लांब आहे,” मी म्हटलं.

“घर कुठे आहे त्यांचं?”

“गावाच्या खाली. ओढ्याकडे. आम्ही बौद्ध आहोत.”

बाईंनी चित्र खाली ठेवलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर काय येतं ते बघत होते. त्यांना आधीच माहीत होतं की आत्ता कळलं, ते मला ओळखता आलं नाही. अजूनही ठरवता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि चित्र परत हातात घेतलं.

“गोष्टीत हे नाही,” त्या म्हणाल्या.

“मुलगी कुठून निघाली तेही गोष्टीत नाही,” मी म्हटलं. असं उलट मी अनोळखी माणसापुढे क्वचितच बोलते.

“नाही खरं.” त्या विचार करत राहिल्या. “पण मग मुलांना चूक वाटेल. मला वाटली तशी. तुम्ही जिथून बघता ती जागा चित्रात नाहीये. ती काढा. खाली, अगदी पुढे, मोठी. म्हणजे विहीर लांब का ते दिसेल. आठ दिवसांत पुण्याला पाठवा, मग बघू.”

बोलणं कामाचं होतं आणि बरोबरही होतं. तरी त्या गेल्यावर मला वाटत राहिलं की आता त्यांना आमची वाडीच दाखवायला हवी आहे. मालिकेत एक तसलंही पुस्तक असावं म्हणून. आमची कळशी, आमचा झरा, आमचं लांब.

“काढायचं असेल तर काढ,” बाबा म्हणाले. “पण घर तिचं आहे. तिला विचार आधी.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेले. आत्या दारात तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, बाई काय म्हणाल्या तेही.

“माझं अंगण पुस्तकात?” तिने डोळे बारीक केले. “आनि ती पुण्याची बाई बघनार? गुरुजी पन बघनार?”

“सगळेच बघतील.”

“नाव घालशील माझं?”

“नाही.”

“मग ठीक हाय.” तिने सूप बाजूला ठेवलं आणि उठली. “पन आत्ता नको काढू. कसं दिसतंय बघ अंगण. थांब जरा.”

तिने शेण कालवलं आणि अंगण सारवायला बसली. मला मदत करू देईना. तुझ्या हाताचे पट्टे उठतील, म्हणाली. सारवून झाल्यावर कोंबड्यांना हाकलत ती माझ्याशेजारी ओट्यावर येऊन बसली, आणि अंगण वाळायची वाट बघत आम्ही दोघी तशाच राहिलो.

पुढे ते चित्र पुस्तकाच्या मधल्या दोन पानांवर आलं, पण त्या सकाळी मला ते ठाऊक नव्हतं. मी अंगण काढलं, कडेची कळशी काढली, सूप काढलं. कागदाचा अर्ध्याहून जास्त भाग त्यातच गेला. आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती.

“विहिरीला जागा ठेवलीस का?”

“वर ठेवलीय. थोडीशी.”

तिने मान वर करून विहिरीकडे बघितलं, मग कागदाकडे, मग परत विहिरीकडे.

“पुरंल तेवढी,” ती म्हणाली. “काढ.”