सिग्नलला बंद होणारा एसी

दर शनिवारी आम्ही शेजारचे काहीजण येलहंक्याच्या जुन्या गावातून लांबच्या मारुतीला चालत जातो. एका शनिवारी बाकीचे आले नाहीत, भगवंतराव आणि मी दोघंच निघालो. वाटेत सिग्नलला एक जुनी गाडी थरथरत उभी होती. ते थांबले, जरा ऐकलं आणि म्हणाले, "हिचाही एसी चालू आहे."

भगवंतरावांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांचं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. यशोवर्धन साहेबांकडे मी स्वयंपाक करते, तिथेच ते ड्रायव्हर होते. साहेब पुण्याचे, आयटीतले. गाडी मात्र त्यांच्या वडिलांची, अप्पासाहेबांची. जुनी, पण रोज पुसलेली.

तिचं दुखणं साधं होतं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच जोरावर फिरतो. गाडी उभी असताना इंजिन आधीच मंद चालतं, त्यात हा भार. तेव्हा जास्तीची हवा आत सोडून इंजिनला सांभाळणारा एक व्हॉल्व्ह असतो. या गाडीत तो काजळीनं चिकटला होता, साफ करूनही सुधारेना. एसी लावून सिग्नलला थांबलं की दोन गचके खाऊन गाडी बंद. भगवंतरावांनी नवा व्हॉल्व्ह बसवायला सांगितलं तेव्हा मी चहा देत होते. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी विकायचीच आहे, आता खर्च कशाला? थांबलात की एसी बंद करत जा. आणि बाबांना कळू देऊ नका, त्यांचा जीव आहे गाडीवर.

भगवंतरावांनी ते पाळलं. सिग्नल लागला की एसी बंद, सुटला की चालू. मागे घामेजलेले अप्पासाहेब विचारायचे, "काय भगवंतराव, आमचं वाचवलेलं पेट्रोल विकता कुठे?" भगवंतराव हसून नुसतं 'सरी सरी', म्हणजे बरं बरं, म्हणायचे.

एप्रिलमध्ये अप्पासाहेबांना दवाखान्यात नेताना मीही सोबत होते. हेब्बाळच्या पुलाशी गाड्या तुंबल्या. त्यांना दमा, धुरामुळे काचा खाली करता येईनात. एसी लावला की इंजिन बंद पडायचं. शेवटी अप्पासाहेबांची शुद्ध हरपली. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, तर या पेट्रोलचोरानं मला मारलं असतं. साहेब उशाशीच उभे होते. खरं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वडिलांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर, वॉचमन लोकांसमोर, साहेबांनी भगवंतरावांकडून किल्ली मागून घेतली. बोलले काहीच नाहीत. अप्पासाहेबांचं बोलणं तोवर पसरलं होतं; साहेब न बोलल्यामुळे चोरी पक्की झाली. तिथल्या एकाही घरानं पुढे भगवंतरावांना गाडीला हात लावू दिला नाही. साहेबांनी नवी गाडी घेतली, तिची पूजाही केली. प्रसादाचा शिरा मीच केला. देवापुढे हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना.

देऊळ दिसायला लागल्यावर मी म्हटलं, तुमच्या कामाचं साहेबांना विचारून बघू का?

"नको, अक्का," भगवंतराव म्हणाले. "काम नको मला. अप्पासाहेब एकटे असतील तेव्हा स्वल्प त्यांच्याजवळ बसा, आणि एसी मी कुणाच्या सांगण्यावरून बंद करत होतो तेवढं सांगा. त्यापायी तुमचंही काम जाईल, कळतं मला. तरी सांगा."