गुळाचा खडा

दोन मजले चढायला शेजारच्या दत्तूअण्णांना हल्ली तीनदा थांबावं लागतं. काल जिन्यात ते भिंतीला टेकून श्वास गोळा करत उभे होते. मीही मागे थांबलो. सौजन्य म्हणून म्हणा, पण माझ्या पोटालाही विसावा हवाच होता.

"व्हा की पुढं," अण्णा म्हणाले. "तुम्हाला काय धाड भरलीया? गूळ तर तुम्हीच जास्त खाल्लायसा."

खोटं नव्हतं. फाउंड्रीत अण्णा जन्मभर ओतकामाच्या साच्यांची वाळू चाळत राहिले आणि मी स्टोअरमध्ये बसून पाळी सुटताना प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवत राहिलो. गुळानं छातीतली धूळ उतरते म्हणे. धूळ ओढून घेणारा पंखा बसवायचा विषय एकदा निघाला होता. त्याचा खर्च भारी दिसला आणि गुळाचा किरकोळ. 'गूळ पुरेसा आहे' असा शेरा मारणारा मीच. वर घरी बायकोपुढे त्या बचतीची फुशारकीही मारली होती.

टाळलेला खर्च नाहीसा होत नाही, हे मला जिन्यात कळलं. तो कुणाच्या तरी छातीत जाऊन बसतो.

अण्णांचा मुलगा आता त्याच खात्यात आहे. "पंखा बसवला का हो?" मी भीतभीतच विचारलं.

"पंखा कसला!" अण्णांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "हे देत्यात अजून. पोरगं स्वतः खात न्हाई, माझ्यासाठी आणतंय."

त्यांनी खडा फोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

मी हात पुढे केला.