मेंढीच्या दुधाची फॅट

गावच्या दूध डेअरीत मी फॅट काढायला लागले तेव्हा मला विसावं चालू होतं आणि गावात दुष्काळ होता. आदला पावसाळा कोरडा गेलेला. विहिरीच्या तळच्या पाण्यावर कुणी कुणी गहू, हरभरा उभा केला होता, तर फाल्गुनात लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि अर्ध्या तासात सगळं आडवं झालं. रडावं की धावावं हे कुणाला कळेना. शेवटी बायकांनी त्याच गारा वेचून घागरी भरल्या. दोन दिवस घरोघरी गारेगार पाणी होतं. त्यानंतर ऊन जे तापायला लागलं ते थांबेचना.

डेअरी सहकारी होती. सकाळी सभासद दूध घालायचे, मी प्रत्येकाच्या दुधाची फॅट, म्हणजे त्यातला लोण्याचा अंश, काढायची, आणि पाटोद्याहून दूध संघाची गाडी येऊन कॅन घेऊन जायची. एरवी फॅट काढणाऱ्याचं निम्मं काम दुधातलं पाणी पकडण्याचं असतं. त्या वर्षी मला एकही चोर सापडला नाही. दुधात घालायला पाणी होतंच कुणाकडे? एक म्हातारे सभासद मला म्हणायचे, "बाई, आता पाण्यात दूध घालून पाणी वाढवायची येळ आलीय."

माणसांना प्यायला टँकर यायचा. जनावरांसाठी मात्र अख्ख्या गावात पाणी असलेला एकच बोअर उरला होता, तो डेअरीचा. तिथल्या हौदावर सभासदांच्या गाईम्हशी पाणी प्यायच्या. मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. पहिल्या दिवशी ती कमरेला खोचून मी बौद्धवाड्यातल्या आमच्या घरी आले, तर आई हसतच सुटली. तिच्या सासूला गावच्या विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, कुणी वरून घागरीत ओतेल त्याची वाट बघत. "आता सारं गाव तुझी वाट बघणार का गं?" आई म्हणाली, आणि ती किल्ली उगीचच पदरानं पुसून तिनं मला परत दिली.

चैत्राच्या शेवटी मेंढरंवाल्या मावशी परत आल्या. त्या आमच्याच गावच्या. दर वर्षी दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन तलवाड्याकडे उतरायच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायच्या. या खेपेला तिकडंही रानं उजाड झाली, म्हणून लवकर आल्या. साठ मेंढ्या, दोन कुत्री आणि त्या. नवरा वारलेला, मुलगा कारखान्यावर. हौदापाशी मेंढ्या थांबवून त्यांनी डेअरीच्या चेअरमनना हाक मारली.

आमचे चेअरमन वाईट माणूस नव्हते. पण बोअर आटायची त्यांना फार भीती होती, आणि ती खोटीही नव्हती.

"मावशी, हे पाणी सभासदांचं हाय. माझ्या हातात न्हाई," ते म्हणाले.

"मंग सभासद कसं व्हायाचं?"

"डेअरीला दूध घालावं लागतं."

"एवढंच?" मावशी म्हणाल्या आणि मेंढ्या वळवून निघून गेल्या. मेंढ्या मागे मान वळवून हौदाकडे बघत होत्या. मी खिडकीतून ते पाहत होते आणि कमरेची किल्ली मला टोचत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत सगळ्यात शेवटी मावशी उभ्या. हातात पितळी चरवी.

"हे काय?" चेअरमननी विचारलं.

"दूध. कोकरांची पोटं भरून उरलं तेवढं आणलं."

रांगेतली माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, "अबे, मेंढीचं दूध कुणी डेअरीला घालतं काय?"

मावशी त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "कावून? तुज्या मशीनला मेंढी कळत न्हाई का, पोरी?"

मी चेअरमनकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघा काढून, होऊ द्या त्यांच्या मनासारखं."

मी काचेच्या नळीत ॲसिड घेतलं, वरून दूध सोडलं, नळी हलवली आणि यंत्रात बसवून दांडा फिरवू लागले. एरवी लोक चिठ्ठी घेऊन लगेच घरी जायचे. त्या दिवशी एकही हलला नाही. नळी बाहेर काढून मी उजेडात धरली. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा धरली.

"किती?" चेअरमननी विचारलं.

त्यांच्याच म्हशीची फॅट मी दहा मिनिटांपूर्वी काढली होती. ती साडेसहा लागली होती आणि ती त्या दिवसातली सगळ्यात जास्त होती.

"पावणेआठ," मी म्हणाले.

म्हातारे सभासद पोट धरून हसायला लागले आणि सगळी शेड हसली. चेअरमननी नळी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि तेही हसले. "लई दाट निघालं की, मावशी!" मावशींना फॅट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण आपण कुणाला तरी हरवलंय हे त्यांना नेमकं समजलं होतं.

दोन दिवसांनी त्याच शेडमध्ये सभासदांची सभा बसली. एक तरुण सभासद उठला. "आज मेंढ्या आल्या, उद्या सारं गाव येईल. बोअर आटला तर आमी म्हशी कुठं न्यायच्या?" त्याचं चूक नव्हतं. त्याच्या दोन म्हशींवर सहा माणसांचं घर चाललं होतं. म्हातारे सभासद म्हणाले, "त्यांच्या मेंढ्या आपण खतासाठी आपल्या रानात बसवून घेतो. तवा सभासद हायेत का, असं इचारतो का आपण?"

बरीच तणतण झाली. शेवटी चेअरमन मला म्हणाले, "बाई, पोटनियमात काय लिहिलंय ते वाचा."

मी उठले. एवढ्या पुरुषांपुढे मी कधी बोलले नव्हते. मी वाचलं, "गावातील दूध घालणारी कोणतीही व्यक्ती सभासद होऊ शकेल." आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "कोणत्या जनावराचं दूध, ते लिहिलेलं नाही."

तरुण सभासदही हसला. पण तो बसला नाही. "बरं, सभासद झाल्या. पण साठ मेंढ्या म्हणजे साठ म्हशी धरायच्या का?"

मग सभा उठून हौदावर गेली. चेअरमनची म्हैस आणली आणि मावशींची एक मेंढी. दोघींपुढे बादल्या ठेवल्या. म्हशीनं एक संपवली, दुसरी संपवली, तिसरी संपवली आणि चौथीतही तोंड घातलं. मेंढीनं अर्धी बादलीही संपवली नाही. ती शिंकली आणि चेअरमनच्या धोतराचं टोक चघळू लागली. दहा मेंढ्यांना एक म्हैस धरायची असं ठरलं.

"म्हंजे मावशींच्या सहा म्हशी झाल्या," चेअरमन म्हणाले, "आणि माझ्या पाचच हायेत. मावशी तर माझ्याहून मोठ्या सभासद निघाल्या!"

एकदा मापानं द्यायचं ठरल्यावर बाकीचं सोपं झालं. आमच्या वाड्यातल्या शेळ्या, कुणाची एकटी गाय, कुणाचे बैल, सगळ्यांच्या पाळ्या लागल्या. सभासद असण्याच्या अटीचा विषयही कुणी काढेना. पाळ्या मी फळ्यावर खडूनं लिहायची. लाइट आली की मोटार सुरू करायची आणि हौद भरला की बंद. कॅन धुतलेलं पाणीही आम्ही वाया जाऊ दिलं नाही, ते शेजारच्या लिंबाच्या रोपांना घातलं.

मावशींच्या दुधाचा मात्र घोळ झाला. पाटोद्याच्या गाडीवाल्यानं हात जोडले. "मेंढीचं दूध संघात चालत न्हाई, बाई." ओतून कसं द्यायचं? मी त्या दुधाचा चहा केला. दाट, वर साय धरणारा. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला अर्धा कप. चार दिवसांत असं झालं की लोक दूध घालून घरी जाईनात. कुणी गूळ आणायचं, कुणी आलं. मी, बौद्धवाड्यातली पोरगी, चहा ओतायची आणि सगळं गाव एका ओळीत बसून प्यायचं. आई एकदा मुद्दाम ते बघायला आली. भिंतीला टेकून उभी राहिली, कप घेतला आणि सगळा प्याली. मग चेअरमनना म्हणाली, "साखर कमी हाय." ते म्हणाले, "उद्या जास्त टाकू, वैनी."

बोअर पाऊस येईपर्यंत टिकला. पाणी खूप खाली गेलं, एकदोन दिवस मोटारीनं नुसती हवा ओढली, पण टिकला.

पुढच्या दिवाळीनंतर मावशी पुन्हा तलवाड्याकडे निघाल्या तेव्हा माझ्याकडे आल्या. "पोरी, तो पावणेआठचा कागद दे मला लिहून." मी चिठ्ठी लिहून दिली. ती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तिकडच्या पाहुण्यारावळ्यांत त्यांनी ती चांगलीच फिरवली असणार. कारण पावसाळ्याच्या तोंडावर त्या परतल्या तेव्हा त्यांच्या मागे दोन नणंदा आणि एक जाऊ होती. सकाळी चौघीजणी चरव्या घेऊन रांगेत उभ्या.

"काढ बरं," जाऊबाई मला म्हणाल्या, "कुणाची जास्त भरते ते बघू आज."