पहिला बरगा कुणी काढला

"पहिला बरगा कुणी काढला?" फौजदारांनी विचारलं.

बंधाऱ्यावर निम्मं गाव उभं होतं. त्यातून राजाक्का मगदूम पुढं आल्या. साठी ओलांडलेल्या, दोन म्हशी राखून असलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या.

"मी. लिवा माजं नाव."

"मावशी, बरगा म्हंजे काय लाटणं हाय व्हय उचलायला?"

"वडायला पोरं हुती. साखळी मी अडकीवली. पैलं नाव माजंच लिवा."

फौजदारांनी लिहिलं. मीही लिहिलं. मी कोल्हापूरच्या एका दैनिकाचा बातमीदार. पूर्वेकडचे तालुके माझ्याकडे आहेत. या प्रकरणातल्या दोन्ही गावांची नावं इथं देत नाही, कारण खटला अजून चालू आहे.

बरगा म्हणजे फळी. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात नदीत खांब असतात आणि खांबांच्या खाचांत एकावर एक फळ्या बसवतात. पावसाळा संपला की बरगे बसतात, पाणी अडतं. पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. बसवण्याचा आणि काढण्याचा अधिकार पाटबंधारे खात्याचा. इतर कुणी हात लावला तर गुन्हा.

त्या उन्हाळ्यात बंधाऱ्यामागचं पाणी काळं पडलं होतं. वरच्या नाल्यांतून आलेलं सांडपाणी तिथं येऊन थांबलं होतं. मासे मरून काठाला लागले. गावाच्या नळाचं पाणी याच डोहातून उपसलं जायचं. उपाय सगळ्यांना माहीत होता. थोडे बरगे काढायचे, घाण वाहू द्यायची, वरच्या धरणातून ताजं पाणी घ्यायचं. खात्यानं पूर्वी असं केलेलंही होतं. या वेळी आदेश येत नव्हता.

शाखा अभियंत्यांना मी फोन केला होता. ते म्हणाले, "काढायला हवेत हे मलाही कळतं. पण बरगे काढले आणि वरून पाणी सुटलं नाही, तर शेतीला पाणी कुठलं देऊ? जबाबदार कोण? मला कागद दाखवा, आत्ता काढतो."

कागद यावा म्हणून राजाक्कांनी सगळे उंबरे झिजवले. ग्रामसभेचा ठराव झाला. प्रदूषण मंडळानं नमुने नेले, अहवाल आला नाही. तहसील कचेरीत त्या पाण्याची बाटली घेऊन गेल्या. वास सुटला म्हणून शिपायानं बाटली बाहेर नेऊन ठेवली. तक्रारीची दखल घेतली गेली ती एवढीच.

शेवटी त्यांनी निवेदन दिलं. निवेदन म्हणजे आम्ही अमुक दिवशी अमुक करणार, अशी लेखी पूर्वसूचना. जिल्हाधिकारी, पोलीस, पाटबंधारे खातं आणि वर्तमानपत्रं, सगळ्यांना प्रत गेली. माझी प्रत त्यांनी स्वतः आणून दिली.

"रात्री जाऊन काढले असते तर कुणाला कळलं नसतं," मी म्हणालो.

"चोरून काढाय आमी काय वाळूवालं हाय? दिवसा काढणार, सांगून काढणार. काय शिक्षा देतील ती भोगायची."

तसंच झालं. दिवसाढवळ्या, पोलीस शिपायांदेखत; फौजदार मागून आले. राजाक्कांनी आकड्यात साखळी अडकवली, तालमीतल्या पोरांनी ओढली. पहिला बरगा सुटला तसा पाण्यानं आवाज केला. काळा लोट पुढं गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी दगड उचलला नाही, कुणी अभियंत्याला शिवी दिली नाही. पोलिसांनी राजाक्कांसह पुढच्या फळीतल्या लोकांना गाडीत बसवलं. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, सरकारी कामात अडथळा, जमावबंदीचा भंग.

संध्याकाळी ऑफिसात वृत्तसंपादक खूश होते. तरुणपणी जेलभरोत जाऊन आलेला माणूस. म्हणाले, "नुसती बातमी नको. शेजारी चौकट दे. कायदा मोडणं केव्हा योग्य ठरतं? वाचकाला कळेल अशा चार कसोट्या घाल आणि हे प्रकरण त्यावर तपास."

मी चार कसोट्या लिहिल्या. सनदशीर मार्ग संपले होते का? होते. जे केलं ते उघडपणे केलं का? केलं. शिक्षा भोगायची तयारी होती का? होती, आणि पहिलं नाव मागून दिलं होतं. तिसऱ्या कुणाला इजा झाली का?

इथं मी थांबलो.

"सर, खालच्या बंधाऱ्याचे बरगे अजून बसलेलेच आहेत. घाण तिथं जाऊन थांबणार. तिथलं गावही तेच पाणी पितं. कुणाला तरी पाठवूया."

"तिथून फोन आलाय?"

"नाही."

"अभियंत्याचं म्हणणं घेतलंयस?"

"घेतलंय."

"मग दुसरी बाजू झाली. चौथ्यात लिही, इजा झाल्याचं वृत्त नाही."

"आपण बघायलाच गेलो नाही तर वृत्त येणार कुठून?"

"अरे, पानं छपाईला सोडायची वेळ झालीय. उद्या बघ."

आमच्या धंद्यात दुसरी बाजू म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याचा खुलासा. तो बहुतेक वेळा अधिकारी असतो. फोनवर मिळतो. चौकट छापून आली. "इजा झाल्याचं वृत्त नाही." वाक्य खरं होतं.

सकाळी फोन आला. "पावणं, पेपर वाचला. झकास छापलंय. आता जरा खालतीबी या की."

बोलणारे शिवगोंडा पाटील खालच्या गावचे. मी पोचलो तेव्हा ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसले होते. आत खाटा भरल्या होत्या. उलट्या, जुलाब. त्यांच्या आईला सलाईन लावलं होतं. पाणीपुरवठ्याच्या कामगारानं रोजच्यासारखी पहाटे मोटार सुरू केली होती. लोकांनी रोजच्यासारखी भांडी भरली होती.

"वास आला नाही?"

"इतं पाण्याला रोजच वास येतोय. त्यात नवं काय?" शिवगोंडा म्हणाले. मग म्हणाले, "येक फोन केला असता तर आदल्या दिशी टाकी भरून मोटार बंद ठिवली असती. येवढंच लागत हुतं. येक फोन."

मी ते लिहून घेतलं. बातमी आतल्या पानावर आली. पहिल्या पानावर त्या दिवशी दुसरं काही होतं.

जामीन झाल्यावर मी राजाक्कांकडं गेलो. त्या धारेला बसल्या होत्या. मी खालच्या गावाचं सांगितलं. त्यांनी धार पूर्ण काढली, चरवी बाजूला ठेवली.

"मोटार बंद ठिवली असती म्हनतोय?"

"हो."

"खरं हाय. ठिवली असती."

मी विचारलं, "निवेदनाची प्रत त्यांना का दिली नाहीत?"

"निवेदन सायबाला देत्यात," त्या म्हणाल्या. चरवी उचलून घेत पुन्हा म्हणाल्या, "आजवर सायबालाच दिल्यालं बघितलंय."

त्यांचं चुकीचं नव्हतं. मी आजवर पाहिलेल्या प्रत्येक निवेदनाच्या प्रती वर गेल्या आहेत. नदीच्या खालच्या अंगाला गेलेली एकही मला आठवत नाही.

शिवगोंडांची आई त्याच आठवड्यात गेली. डॉक्टरांनी कारण वार्धक्य लिहिलं. पाण्याशी संबंध जोडला नाही, कुणी जोडा म्हणालंही नाही. राजाक्का भेटायला गेल्या. मी बातमीसाठी तिथं होतो. त्यांना कुणी घरात घेतलं नाही. सोप्यातच उभं ठेवलं.

"माफी मागाय आलासा?" शिवगोंडांनी विचारलं.

"माफी मागून म्हातारी येनार न्हाय. तोंड दावाय आलोय."

"अक्का, धा जागी कागद दिला तुमी. पेपरला दिला. आमच्या गावचा रस्ता तेवडा ठावं नव्हता? आमची भन तुमच्याच गावात दिलीय की."

राजाक्कांनी हात जोडले आणि एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागल्या.

पुढं एक पुढारी आले. बरगे निघाले तेव्हा ते नव्हते, फोटो मात्र आता काढले. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले सरकार अधूनमधून मागं घेतं, त्यासाठी शिफारस लागते. पुढाऱ्यांनी ती द्यायची तयारी दाखवली. अट एकच. हे आंदोलन त्यांच्या पक्षानं पुकारलं होतं, असं सगळ्यांनी लिहून द्यायचं. सगळ्यांनी लिहून दिलं. साखळी ओढणाऱ्या पोरांनी दिलं. त्यांना पोलीस भरतीत उतरायचं होतं. त्यांना दोष देता येत नाही.

राजाक्कांनी सही केली नाही. वकिलानं समजावलं, सरपंचानं समजावलं. मी कारण विचारलं.

"म्हातारी गेली त्येचा गुन्हा कुटं दाखल हाय?"

"कुठंच नाही."

"मग ह्यो तरी ऱ्हाऊ दे."

बाकीच्यांवरचा खटला मागं घेण्याची शिफारस झाली आहे. राजाक्का तारखेला एकट्या जातात. सरकारी पुराव्यात माझी बातमी आहे, पहिलं नाव तिच्यात ठळक आहे. ज्या नाल्यांतून सांडपाणी आलं, त्यांच्या वरच्या कारखान्यांना नोटिसा निघाल्या. त्यांच्यावर खटला नाही. खात्यानं राजाक्कांच्या गावचे बरगे परत बसवले आणि वर लोखंडी पट्टी ठोकली.

म्हातारीच्या दिवसकार्यानंतर शिवगोंडा आमच्या ऑफिसात आले होते. हातात निवेदन. त्यांच्या बंधाऱ्यामागं ती घाण तशीच साचून होती, आदेश येत नव्हता. आता तेही बरगे काढणार होते. दिवसा, उघडपणे, काय शिक्षा होईल ती भोगायच्या तयारीनं. मी निवेदन वाचलं. प्रती जिल्हाधिकारी, पोलीस, पाटबंधारे खातं, वर्तमानपत्रं.

"खालच्या गावाला कळवलंय?"

"खालचं खालच्यांनी बगावं," ते म्हणाले. "आमाला कुनी कळीवलं हुतं?"

वृत्तसंपादकांनी लांबूनच विचारलं, "नवं आंदोलन का? ती चौकट पुन्हा वापर, चांगली झाली होती."

ती चौकट पुन्हा वापरली गेली. तिसरी कसोटी, शिक्षा भोगायची तयारी आहे का, ही वाचकांना सगळ्यात जास्त आवडते. ती शिक्षा आणखी कुणाला भोगावी लागणार आहे, हे फोनवर कळत नाही. त्यासाठी खालच्या गावाला जावं लागतं. रस्ता डांबरी आहे. मोटारसायकलनं फार वेळ लागत नाही.