मागच्या भिंतीचं दार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. याडीला — आमच्या गोर बोलीत आईला याडी म्हणतात — तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

आमचा तांडा घाटंजीकडचा. याडी आणि बा गिट्टीच्या खदानीवर होते. राहायला चार टिनपत्रे, चूल आतच. धूर कोंडला की याडी आधी आम्हा पोरांना बाहेर ढकलायची, मग स्वतः यायची. त्या पत्र्यांतून मी आर्किटेक्ट झालो, तांड्यातला पहिला पदवीधर. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. लपवलं ते दुसरंच.

पांढरकवड्याजवळ हायवेवर एक रेस्टॉरंट व्हायचं होतं. माझं पहिलं काम. नकाशे मी अजूनही हातानंच काढतो, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईनं. कमानी नाहीत, नक्षी नाही — सपाट स्लॅब, समोर काच, आणि मागे शेताकडे एकच लांब पांढरी भिंत. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड रेघ. ती बघत बसलो की जेवणाचीही आठवण राहायची नाही. त्या भिंतीत स्वयंपाकघराचं दार यायला हवं होतं. आलं असतं तर रेघ तुटली असती. म्हणून — काढलंच नाही.

विसरलो नव्हतो मी. काढलं नाही.

मालकाला समोरची काच तेवढी दिसत होती. पण भिंत उचलताना युनूस मिस्त्रींनी विचारलं होतं, मागून दार काहून नाही म्हणून. मी सगळ्या मजुरांसमोर म्हणालो, "नकाशात दिसते का तुमाले? नाई न? मंग कायले विचारता?" मजूर हसले. मिस्त्रीही हसले. विटा चढल्या.

तिथं भाकरी थापायला कमलाकाकी लागली — आमच्याच तांड्यातली, माझ्याच शब्दावर. एका भरदुपारी गॅसच्या नळीनं पेट घेतला, तो नेमका हॉलकडच्या एकुलत्या दारात. काकी आत. बाहेरची माणसं मागे धावली. मागे काय होतं? माझी रेघ. पहारीनं भिंत फोडून तिला ओढून काढलं, तोवर दोन्ही हात जळून गेले होते. जीव वाचला. श्वास अजून शिट्टीसारखा वाजतो. ती घरी येते तेव्हा आधी तो आवाज येतो, मग ती.

पोलिसांकडून चौकशीचा निरोप आला, मूळ नकाशा घेऊन या. साइटवरची एकमेव प्रत सिमेंटपाण्यात केव्हाच सडली होती. मूळ फक्त माझ्याकडे. मी काय केलं असेल? ब्लेडनं भिंतीची रेघ खरवडली आणि तिथं दार काढलं. खरवडलेल्या कागदावर शाई पसरते. दाराची कड जरा धुरकट झाली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी म्हणालो, नकाशात दार आहे, मिस्त्रींनी ठेवलं नाही.

युनूस मिस्त्री तिथंच उभे होते. ओरडतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "तुमचा कागद बोलते, साहेब. आमचं तोंड कोन आयकते?"

त्यांना तालुक्यात परत कुणी काम दिलं नाही. आदिलाबादकडे गेले, दुसऱ्याच्या हाताखाली. आणि काकी? बाजारात, लग्नात, जिथं विषय निघेल तिथं ती माझी बाजू घेते. "आमच्या पोरानं त काढलं होतं दार. त्या मिस्त्रीनंच बुजवलं." मी शेजारी असतो. मान हलवतो.

पुढे नागपुरात हातानं काढलेल्या नकाशांचं प्रदर्शन भरलं — इमारती म्हणून नाही, चित्रं म्हणून. माझं ट्रेसिंग काचेत लागलं. जाणकार त्याच्यापुढे थांबत होते. एवढ्या मोठ्या पांढऱ्या भिंतीत ते एकच दार, त्याची ती धुरकट कड — सगळं चित्र त्या दारावर उभं आहे, असं एक बाई म्हणाल्या. मी आभार मानले. त्या बरोबर बोलत होत्या. नुसत्या रेघेपेक्षा हे चित्र चांगलं होतं, आणि मला ते आवडलं.

मुंबईच्या एका संग्रहालयानं ते आता कायमचं घेतलंय. खाली माझं पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली तांड्याचं.